दारू सोडणाऱ्यांची सभा : कुठे शोधावी, कसे जावे



या पानावर एरवी आपण खोडव्याची मशागत, बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते असले विषय वाचता. आजचा विषय शेतातला नाही, पण शेताच्या मुळाशी लागणारा आहे. हुमणी वरून दिसत नाही. ऊस पिवळा पडला, धरून ओढला आणि बुडख्यासकट हातात आला की मग कळते. घरातल्या दारूचेही असेच असते. सोसायटीचे कर्ज थकते, मोटारीचे वीजबिल थकते, लावण महिनाभर मागे पडते, आणि मग पारावर बोलणे सुरू होते, "त्याचं आता काय खरं न्हाई."

दारू वाईट असते हे सांगण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. ते पिणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते, रोज पहाटे ठाऊक असते. ज्याला सोडायची आहे, दोन-चार वेळा सोडूनही झाली आहे आणि तरी सुटत नाही, अशा माणसासाठी चालणाऱ्या सभा असतात. त्या कशा शोधाव्यात, तिथे काय होते आणि एकदा जाऊन आल्यावर पुढे काय करावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे. माझ्या एका चुलत भावाबरोबर मी स्वतः हे सगळे केलेले आहे. त्याला विचारूनच लिहितो आहे. "नाव तेवढं घालू नको, दादा," एवढेच तो म्हणाला.

आपल्या धंद्यात दारूला वाटा फार आहेत. तोड लवकर मिळावी म्हणून टोळीला खुशाली द्यायची, ड्रायव्हरची एंट्री द्यायची, शेवटच्या दिवशी फडातच मटणाचे जेवण, आणि जेवणाबरोबर बाटली आलीच. रात्रपाळीच्या विजेवर पाणी पाजायला जाताना थंडीच्या नावाखाली खिशात चपटी. ऊस गेला की बिल, आणि बिल झाले की पार्टी. यातला प्रत्येक जण दारुडा होत नाही, बरेचसे होत नाहीत. पण ज्याच्या अंगात ती एकदा मुरली त्याला हंगामाचे चार-पाच महिने रोज कोणी ना कोणी ग्लास पुढे करीतच असतो. आणखी एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. साखर कारखान्यात मळी निघते, मळीपासून मद्यार्क होतो, आणि राज्यातल्या कित्येक कारखान्यांना आसवनी जोडलेली आहे. त्यातला बराच मद्यार्क आज पेट्रोलमध्ये मिसळायला जातो, औषधांना जातो. पण काही बाटलीतही जातो. तेव्हा या विषयावर कारखान्याच्या मासिकात एक लेख आला तर तो जागा सोडून आला असे कोणी म्हणू नये.

आधी डॉक्टर, मग सभा

हा भाग सर्वांनी वाचावा, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. जो माणूस कित्येक महिने रोज, सकाळपासून पितो, त्याने घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये. घरच्यांनीही त्याला खोलीत कोंडून घालू नये. दारू थांबल्यावर काही तासांतच हातपाय कापू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास कोणाला भास होतात, माणसे ओळखू येत नाहीत, भिंतीवर किडे दिसतात. गावात लोक म्हणतात बाहेरचं झालंय, आणि देवऋषाकडे नेतात. बाहेरचे काही नसते. ती दारू तुटल्याची अवस्था असते आणि तिच्यात माणूस दगावू शकतो. दवाखान्यात आठवडाभर औषधे दिली, ब जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली, की बहुतेक जण यातून सुखरूप निघतात. कोल्हापूरला सीपीआरमध्ये मनोविकार विभाग आहे. आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवून तिकडे चिठ्ठी घेता येते.

दुसरी सूचना. "पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा" अशा पुड्या बाजारात विकतात, बायका बिचाऱ्या पदरमोड करून आणतात आणि चहात कालवतात. कसली पूड आहे हे कोणालाच माहीत नसते. दारू सोडवण्याचे जे खरे औषध आहे, डायसल्फिराम नावाचे, तेसुद्धा पोटात असताना माणूस प्यायला तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब खाली येतो, क्वचित जीवही जातो. म्हणून ते पिणाऱ्याला सांगून, त्याची संमती घेऊन आणि डॉक्टरांच्या हाताखालीच द्यावयाचे असते. चोरून कधीही नाही.

ही सभा आली कुठून

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, लोक थोडक्यात एए म्हणतात, ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी चालवलेली संघटना आहे. तिची सुरुवात अमेरिकेत ॲक्रन या गावी १९३५ साली झाली. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअरबाजारातला माणूस, दारूने धुऊन निघालेला, पाच महिने न पिता राहिला होता. ॲक्रनमध्ये त्याचा एक सौदा फिसकटला. हॉटेलात एकटा उभा, एका अंगाला बार, एका अंगाला टेलिफोन. तो टेलिफोनकडे गेला आणि गावात आपल्यासारखा कोणी पिणारा माणूस आहे का, त्याच्याशी बोलायचे आहे, असे विचारीत सुटला. त्याची गाठ डॉक्टर बॉब स्मिथ या सर्जनशी घालून देण्यात आली. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसणार नाही असे डॉक्टर ठरवून आले होते. दोघे कित्येक तास बोलत बसले. डॉक्टरांनी शेवटची दारू घेतली तो १० जून १९३५ चा दिवस हा या संघटनेचा स्थापना दिवस मानतात. १९५७ साली मुंबईत तिची भारतातली पहिली सभा भरली.

ही हकीकत सांगण्याचे कारण असे की, त्या दिवशी बिलने डॉक्टरांना उपदेश केला नाही, डॉक्टरांना दारूचे तोटे त्याच्यापेक्षा जास्त माहीत होते. त्याने स्वतःचे काय झाले ते सांगितले, आणि ते सांगण्याने त्याची स्वतःची दारू त्या दिवसापुरती टळली. अजूनही सभेत एवढेच चालते. बाकी सगळे नंतर जोडले गेले.

आपण सहकारातली माणसे, म्हणून तिचा कारभार ऐकण्यासारखा आहे. सभासद फी नाही. सभासद होण्याला एकच अट, दारू सोडण्याची इच्छा असावी. भागभांडवल नाही, पॅनेल नाही, निवडणूक नाही, पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन नाही. सभेत एक डबा किंवा टोपी फिरते, ज्याला जमेल त्याने दहा-वीस रुपये टाकायचे, त्यात खोलीचे भाडे आणि चहा भागतो. बाहेरच्या माणसाची देणगी ते घेतच नाहीत, मग तो आमदार असो की कारखान्याचा चेअरमन. (हे ऐकून आमचे एक जुने संचालक म्हणाले होते, "मग ह्यांचं चालतं कसं?" चालते आहे, नव्वद वर्षे चालले आहे.)

शोधावी कशी

सभेचे ठिकाण आणि वेळ मुद्दामच येथे छापत नाही. खोल्या बदलतात, वार बदलतात, आणि मासिकाचा अंक घरात वर्षभर पडून राहतो. जुन्या पत्त्यावर जाऊन कुलूप पाहिले की माणूस पुन्हा उठत नाही. त्यासाठी फोन करावा. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा निराळा क्रमांक १४४४६ आहे, तोही मोफत. सीपीआरच्या मनोविकार विभागात किंवा कोणत्याही व्यसनमुक्ती केंद्रात विचारले तरी सभेचा पत्ता मिळण्यासारखा असतो, कारण तिथून बाहेर पडणाऱ्यांना पुढे या सभांनाच जायला सांगतात. एएचे मध्यवर्ती कार्यालय मुंबईत आहे, तेही जवळचा गट कोणता ते सांगतात.

विचारताना नुसते "मुरगुडात आहे का" असे विचारून फोन ठेवू नये. कोल्हापूर, कागल, निपाणी, गारगोटी, गडहिंग्लज, सगळीकडचे विचारावे आणि मराठीत चालणारी सभा कोणती ते विचारावे. पुष्कळांना गावातली सभा नकोच असते. बाजाराला जातो म्हणून सांगून परगावी जाणे सोपे पडते. त्यात काही वावगे नाही, पहिले दोन-तीन महिने तसेच जावे. सभा खुली आहे की बंद हेही विचारून घ्यावे. खुल्या सभेला घरचे, मित्र, कोणीही बसू शकते. बंद सभेला फक्त ज्याला दारूचा त्रास आहे आणि ती सोडायची आहे तोच बसतो.

माझा भाऊ निघायला तयार होईना त्याचे कारण एकच.

"तिथं कोण वळखीचं भेटलं तर?"

मी म्हणालो, "भेटला तर तोबी त्याच कामाला आलेला असतोय न्हवं?"

यावर तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग चप्पल घातली. एसटीत आम्ही दोघेही बोललो नाही. पत्ता सापडल्यावर त्या इमारतीला त्याने दोन फेऱ्या मारल्या. मी घाई केली नाही.

आत काय होते

सभा साधारण तास-दीड तासाची. आधी थोडा वेळ शांत बसतात. मग संघटनेची माहिती आणि बारा पायऱ्या म्हणून जे मार्गदर्शन आहे त्यातले काही वाचतात. मग एकेक जण बोलतो, आपले पहिले नाव सांगतो, आपण मद्यपाशात आहोत असे सांगतो, आणि आपली हकीकत सांगतो. मध्ये कोणी बोलत नाही, प्रश्न विचारत नाही, सल्ला देत नाही. पंचायतीची सवय असलेल्या आपल्या माणसाला हे पहिल्यांदा चमत्कारिक वाटते. नवीन माणसाला बोलण्याची सक्ती नसते. "मी आज ऐकतो" एवढे म्हटले तरी पुरते. आडनाव, गाव, किती एकर, कोणत्या पार्टीचे, हे कोणी विचारत नाही, आणि जे ऐकले ते बाहेर न्यायचे नाही असा दंडक असतो.

देवाविषयी थोडे सांगितले पाहिजे. त्या पायऱ्यांत आपल्याहून मोठ्या शक्तीचा उल्लेख येतो, ती ज्याला जशी उमगेल तशी मानावी असे म्हटलेले आहे. माळकरी, मुसलमान, ख्रिस्ती, काहीच न मानणारा, सगळे एका बाकावर बसलेले असतात. आपल्याकडे आदमापूरला बाळूमामांचा भंडारा उचलून शपथ घेण्याची रीत आहे. पंढरीची माळ घालून दारू सोडलेलेही घरोघरी सापडतील. ज्याची त्याने सुटली त्याने ते सोडू नये. पण शपथ जन्माची असते आणि एकदा मोडली की माणूस देवाला तोंड दाखवायला लाजतो, आणि त्या लाजेने आणखी पितो; हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. सभेत जन्माचे कोणी बोलत नाही. आज प्यायची नाही, उद्याचे उद्या. माळकऱ्याची टिकते ती मला वाटते नुसत्या माळेने टिकत नाही, एकादशीच्या भजनाला जी दहा माणसे त्याची वाट बघत असतात त्यांच्याने टिकते. सभेचाही धागा तोच आहे.

माझ्या भावाची ती बंद सभा होती, म्हणून मी समोरच्या चहाच्या गाड्यावर थांबलो. दीड तासाने तो बाहेर आला. काय झाले विचारले तर म्हणाला, "दादा, एकजण बोलला. माझीच गोष्ट सांगत हुता. घरातनं कुणी सांगितलं असंल व्हय त्याला?" कोणीही सांगितले नव्हते. तो माणूस दुसऱ्या जिल्ह्यातला, ट्रक चालवणारा होता.

एका पाळीने ऊस भिजत नाही

येथेच बहुतेकांची चूक होते, आमचीही झाली. दोन-तीन सभांना जाऊन बरे वाटले, घरी सगळ्यांना बरे वाटले, आणि मग लावणीची गडबड आली. चौथी चुकली, पाचवी चुकली. पहिले बिल खात्यावर जमा झाले त्या दिवशी सोसायटीची वसुली कापून बऱ्यापैकी रक्कम हातात आली होती. तो बँकेतून निघाला तो रात्री घरी आलाच नाही. तिसऱ्या दिवशी निपाणी रोडला सापडला. त्या पैशांतून पोरीची कॉलेजची फी भरायची होती. त्याआधी दोन वर्षांत बारा गुंठे गेलेच होते.

पुन्हा सभेला जायची त्याला मारणाची लाज. सभेतल्या ज्या जुन्या माणसाने त्याला आपला फोन नंबर देऊन ठेवला होता त्याने दोनदा फोन केला, "आलास की बस, बोलू नको." गेला. कोणी रागावले नाही, कोणी "आम्ही सांगितलं होतं" म्हणाले नाही. पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला सुरुवात. अशा जुन्या माणसाला ते स्पॉन्सर म्हणतात. नवीन माणसाने असा एकजण धरावा आणि प्यावेसे वाटले की प्यायच्या आधी त्याला फोन करावा, मग तो रात्री दोनचा का असेना. पाण्याला गेलेल्या माणसाच्या खिशात हल्ली मोबाइल असतोच.

सभा म्हणजे पाण्याची पाळी आहे. एकदा तुडुंब पाजून चार महिने सोडून दिले तर ऊस वाळतो. जुने लोक नवख्याला नव्वद दिवसांत नव्वद सभा करायला सांगतात. शहरात ते जमेल, आपल्याला रोज कोल्हापूरची एसटी परवडणार नाही. म्हणून आठवड्याची एक सभा पक्की धरावी, तिचा वार घरात सर्वांना माहीत असावा, आणि मधल्या दिवसांत मोबाइलवरच्या सभेत बसावे. २०२० च्या टाळेबंदीपासून अशा सभा पुष्कळ वाढल्या आहेत. पण नुसत्या मोबाइलवर भागवू नये. चहा मोबाइलवर मिळत नाही, आणि चहाच्या वेळीच खरे बोलणे होते.

आपल्या हंगामाला जोडून काही गोष्टी सांगतो. ऊस तुटण्याच्या आठवड्यात आणि बिल जमा होण्याच्या आठवड्यात सभा चुकवू नये, उलट एक जास्त करावी. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत बिल द्यावे असा कायदा आहे. प्रत्यक्षात मागेपुढे होते, पण अंदाज येतोच, तो घरात सांगून ठेवावा. एटीएमचे कार्ड मालकिणीकडे द्यावे, आणि हे त्याने आपण होऊन द्यावे, हिसकावून घेऊ नये. टोळीची खुशाली पैशांत द्यावी, बाटलीत देऊ नये, आणि शेवटच्या दिवशीचे जेवण घरच्या दुसऱ्या कोणी द्यावे. यात मानपान बघू नये.

याचा उपयोग किती होतो असे कोणी विचारील. २०२० साली कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २७ अभ्यास, दहा हजारांवर माणसांचे, एकत्र तपासले. एएकडे पद्धतशीरपणे जोडून दिलेल्यांत वर्षभरानंतर अजिबात न पिणारे शंभरात सुमारे ४२ आढळले, इतर उपचारांवर असलेल्यांत सुमारे ३५. म्हणजे चमत्कार नाही. शंभरातले अर्ध्याहून जास्त पहिल्या वर्षी घसरलेलेच होते. पण खर्च शून्य आहे आणि दार बंद होत नाही, हा हिशेब शेतकऱ्याने समजून घ्यावा. ज्याला सभेने जमत नाही त्याने भरती होऊन उपचार घ्यावेत. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केले, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांच्या मदतीने. तेथेही उपचार संपल्यावर माणसाला सुटे सोडत नाहीत, पुढच्या पाठपुराव्यावर भर देतात.

घरच्या बाईसाठी

मुक्तांगणात पिणाऱ्यांच्या बायकांचा 'सहचरी' नावाचा गट चालतो. एएच्या जोडीला अल-अनॉन म्हणून घरच्यांच्या सभा असतात, त्या १९५१ पासून आहेत. नवरा दारू सोडायला तयार नसला तरी बाईने त्या सभेला जावे, हे मला उशिरा कळले. आमची भावजय सुरुवातीला म्हणायची, "भावजी, पितंय ते, आणि सभेला मी कशाला?" पण ती गेली. नवऱ्याच्या वतीने कारखान्यात खोटे सांगणे, उधारी गुपचूप भागवणे, सासऱ्यापासून लपवणे, हे तिने बंद केले, त्यानंतरच त्याला आपले ओझे आपल्या डोक्यावर आहे हे जाणवले, असे तो आता स्वतः म्हणतो. सभासद यादीत भगिनींची नावे पुष्कळ आहेत. हा परिच्छेद त्यांनी वाचावा, आणि १४४१६ हा क्रमांक त्यांच्यासाठीही आहे हे लक्षात ठेवावे.

मुरगुडात सभा

भावाचा आता तिसरा हंगाम चालू आहे. पोरीची फी पुढच्या वर्षी भरली, तिचे एक वर्ष मात्र गेले. शनिवारी तो मुरगूड, हमिदवाडा, यमगे अशा आसपासच्या गावांतल्या दोघा-तिघांना मोटरसायकलवर मागे बसवून सभेला नेतो. त्याचे म्हणणे असे की एवढ्या लांब जाण्यापेक्षा मुरगुडातच एक सभा सुरू व्हावी. संघटनेच्या रिवाजाप्रमाणे दारू सोडू पाहणारी दोन-तीन माणसे त्याच कामासाठी एकत्र बसली तरी गट होतो, कोणाची मंजुरी लागत नाही. लागते ती एक खोली, एक वार, एक किटली. शाळेची खोली, तालमीची माडी, देवळाचा सभामंडप, काहीही चालते, रस्त्यावरून सरळ दिसणारी मात्र नसावी.

ज्या सभासदाकडे अशी खोली असेल त्याने शेती विभागाच्या गट कार्यालयात निरोप ठेवावा, तो योग्य माणसाकडे पोचेल. भाडे थोडे का होईना, पण सांगावे. फुकट दिली तर ते घेणार नाहीत.